पावसाळ्यात घरातल्या घरात कपडे कसे वाळवायचे: मुंबई-कोकणात नवीन आलेल्यांसाठी

अकोला, परभणी, जळगाव, सोलापूर अशा कोरड्या हवेच्या भागातून मुंबई, ठाणे, डोंबिवली, पनवेल नाहीतर खाली कोकण-गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी हे लिहितेय. मी मूळची अकोल्याची. तिकडे मे महिन्यात गच्चीवर जीन्स टाकली की चहा-नाश्ता आटोपेपर्यंत कडक व्हायची, त्यामुळे कपडे वाळवणं हे काही शिकायचं काम आहे असं कधी वाटतच नाही. इथे मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून, आणि तो जातो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे जवळजवळ चार महिने वन आरके किंवा वन बीएचके, गॅलरी असलीच तर तीही ओली, आणि घरभर दोऱ्या. तिसऱ्या दिवशीही जीन्सची कंबर ओली, मुलांच्या युनिफॉर्मला कुबट वास आणि भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी, हे घरोघरी दिसतं. पण हे टाळता येतं आणि त्यासाठी गरम हवेचा महागडा ड्रायर घ्यावा लागत नाही.

आधी एक समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. कपडा वाळतो म्हणजे त्यातलं पाणी हवेत जातं. हवाच पाण्याने भरलेली असेल तर ती अजून घेणार कुठून. अकोल्यात मेमधल्या दुपारी हवेतली आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली जाते, इथे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० ते ९० टक्के असते. ऊन आपल्या हातात नाही, बाहेरची हवाही नाही. हातात दोनच गोष्टी आहेत, कपडा दोरीवर जायच्या आधीच त्यातलं पाणी काढून टाकायचं आणि दोरीवर गेल्यावर त्याच्याभोवतीची हवा सतत हलती ठेवायची.

लागणारं सामान

सगळं एकदम घ्यायची गरज नाही, पहिल्या चार वस्तू असल्या तरी काम चालतं.

- फोल्डिंगचा स्टँड, किंवा घरमालकाची परवानगी असेल तर छताला लावायचा पुलीवाला हँगर (स्टीलचे पाइप आणि दोरीने वरखाली होणारा)
- प्लॅस्टिकचे शर्ट अडकवायचे हँगर, निदान डझनभर
- चिमटे, आणि मोजे-आतल्या कपड्यांसाठी तो गोल चिमटेवाला हँगर
- एक जाड कोरडा टॉवेल जो फक्त पाणी टिपायलाच ठेवायचा
- टेबल फॅन किंवा उभा फॅन
- नायलॉनची दोरी
- जमलं तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा ओढून घेणारं मशीन

लाकडी चिमटे या हवेत काळे पडतात आणि तो डाग कपड्यालाही लागतो, स्वस्तातल्या लोखंडी तारेच्या हँगरचा गंज पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर उतरतो. दोन्ही नकोत.

१. जागा ठरवा

बहुतेक लोक बेडरूममध्ये भिंतीला चिकटून दोरी बांधतात, ते नका करू. भिंतीच्या बाजूने हवा फिरत नाही, कपडे वाळत नाहीत आणि वर भिंत ओल धरते. स्टँड खोलीच्या मधोमध, पंख्याच्या खाली, भिंतीपासून निदान हातभर लांब ठेवा. दिवसा सगळे बाहेर असतील तर हॉल वापरा आणि रात्री स्टँड उचलून दुसरीकडे. झोपायच्या खोलीत रात्रभर ओले कपडे शक्यतो नकोतच, घरात दमा असलेलं कोणी असेल किंवा लहान बाळ असेल तर अजिबात नकोत, कारण ओलाव्याने बुरशी वाढते आणि त्यांना तिचाच त्रास होतो.

छताचा पुलीवाला हँगर ही या शहरातली फार कामाची वस्तू आहे. गरम हवा वर जाते म्हणून छताजवळ कपडे जरा लवकर वाळतात आणि खालची जागा मोकळी राहते. फक्त तो स्लॅबमध्येच लावून घ्या, पीओपीच्या खोट्या छतात लावला तर ओल्या चादरींच्या वजनाने एक दिवस सगळं खाली येईल. दोरीही दरवर्षी पावसाआधी तपासा.

२. धुणं साठवू नका

कोरड्या गावात रविवारी आठवड्याचं सगळं धुणं काढायची सवय असते, इथे पावसाळ्यात ती पहिली सोडायची. वीस कपडे एकदम टांगले की खोलीतली हवा तासाभरात भरून जाते आणि मग एकही कपडा धड वाळत नाही. रोज थोडे किंवा दिवसाआड थोडे. आधी युनिफॉर्म, ऑफिसचे शर्ट आणि आतले कपडे, मग बाकीचे. चादरी, अभ्रे, पडदे उघडीप मिळेल त्या दिवसासाठी राखून ठेवा, हवामानाचा अंदाज आता मोबाइलवर दिसतो त्यामुळे एक दिवस आधी ठरवता येतं.

जूनच्या आधीच कपड्यांची थोडी निवडही करून ठेवा. सुती कापड पाणी पितं, पॉलिस्टर जवळजवळ पीतच नाही, म्हणून जाड कॉटनची जीन्स दोन दिवस लटकते तेव्हा ट्रॅकपँट चार-पाच तासांत घालता येते. जाड टर्किश टॉवेलऐवजी आपला पातळ पंचा वापरा, आंग पुसायला तो उत्तम आणि रात्रीत वाळतो. सोलापूरहून येणारे असाल तर तिथून पंचे भरून आणा असंच सांगेन.

३. पाणी काढा (या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या)

इथेच अर्धी लढाई जिंकता येते आणि इथेच लोक घाई करतात.

मशीन असेल तर स्पिनचा वेग बघा. ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) पिळलेल्या सुती कपड्यात त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ७० टक्के पाणी उरतं, १४०० ला ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे ५ किलो कपडे असतील तर एकीकडे साडेतीन लिटर पाणी आणि दुसरीकडे अडीच लिटर. हा एक लिटरचा फरक तुमच्या बंद खोलीच्या हवेतून जाणार असतो, आणि मशीनला तो काढायला फक्त काही मिनिटं लागतात. म्हणून कपडे निघाल्यावर फक्त स्पिनचं बटण दाबून अजून एकदा फिरवा. बऱ्याच टॉप लोड मशीन ७०० च्या आसपासच फिरतात, त्यांना तर दुसरा स्पिन हवाच. सेमी ऑटोमॅटिकमधला छोटा ड्रायर बऱ्याचदा १३०० च्या पुढे फिरतो, म्हणून पावसाळ्यात जुनी सेमी ऑटोमॅटिक काही घरांत जास्त आवडते आणि ते बरोबरच आहे. नवीन आलेल्यांचा इथे गोंधळ होतो म्हणून सांगते, या मशीनवर ड्रायर किंवा ड्राय लिहिलेलं असलं तरी ते फक्त जोरात फिरवून पिळतं, गरम हवा देत नाही, त्यामुळे कपडे निघतात ते ओलसरच.

ड्रम कोंबू नका. ठासून भरलेल्या मशीनमध्ये कपडे नीट धुतलेही जात नाहीत आणि पिळलेही जात नाहीत. एकच चादर टाकली तरी ती एका बाजूला गोळा होते आणि मशीन वेग धरत नाही, तिच्यासोबत दोन-तीन छोटे कपडे टाका.

पीजीमध्ये राहणाऱ्यांकडे मशीन नसतं, बादली असते. त्यांनी असं करा: कपडा पिळून बाथरूममध्ये हँगरवर अर्धा तास निथळत ठेवा, खाली आलेलं पाणी कडेने पुन्हा एकदा दाबून काढा, मग तो कोरडा टॉवेल पसरून त्यावर कपडा ठेवा आणि दोन्हीची घट्ट गुंडाळी करा, आणि त्या गुंडाळीवर गुडघ्याने किंवा पायाने जोर द्या. कपड्यातलं पाणी टॉवेलमध्ये उतरतं. उद्या सकाळी हवाच असलेला शर्ट असेल तर हे करावंच. लोकरीचे आणि रेशमी कपडे तर पिळूच नयेत, त्यांना ही टॉवेलची पद्धतच चांगली. चादर नळाला अडकवून पीळ देणारे बरेच असतात, आताचे प्लॅस्टिकचे नळ त्याने तुटतात, दोघांनी दोन टोकं धरून पिळा.

आणि धुणं झालं की लगेच बाहेर काढा. मशीन रात्री लावून सकाळी उघडलं तर कपडे वाळायच्या आधीच वास धरलेला असतो.

४. टांगा, पण मोकळं

प्रत्येक कपडा दोन-तीनदा जोरात झटका. सुरकुत्या सुटतात, चिकटलेले थर वेगळे होतात, इस्त्रीही कमी लागते.

दोन कपड्यांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. जागा कमी आहे म्हणून लोक चिकटवून टाकतात किंवा एकावर एक टाकतात, मग मधलं काहीच वाळत नाही. सहा कपडे नीट वाळणं हे बारा कपडे ओले राहण्यापेक्षा कधीही चांगलं. एक लांब, एक आखूड असं आलटून पालटून टाका म्हणजे खालून हवा शिरते.

- शर्ट, कुर्ते, टॉप हँगरवर. वरची दोन बटणं लावा, बाकी उघडी. कॉलर उभी करा.
- जीन्स उलटी करा, खिसे बाहेर ओढा, आणि कमरेकडून गोल उघडी राहील अशी चार चिमट्यांनी लावा, म्हणजे पाय नळीसारखे मोकळे राहतात आणि आतून हवा जाते. दांडीवर दुमडून टाकलेली जीन्स मात्र घडीतच ओली राहते.
- हुडीची टोपी वेगळी वर अडकवा, नाहीतर ती पाठीला चिकटून ओली राहते.
- साडी आणि चादर दोन पाइपांवरून घाला, म्हणजे मध्ये पोकळी राहील. नऊवारी असेल तर तीन पाइप लागतात.
- मोजे बोटांच्या बाजूने खाली नका ठेवू, पंजा वर आणि इलॅस्टिक खाली असं लावा. पाणी खाली उतरतं आणि इलॅस्टिक मोकळं सुटलेलं असतं.
- स्वेटर आडवा पसरून, टांगू नका.

मुंबईच्या महालक्ष्मी धोबीघाटावर (१८९० पासूनचा आहे) बिनचिमट्याची पद्धत बघायला मिळते, दोन दोऱ्या एकमेकींत पिळून बांधतात आणि पिळाच्या मधल्या फटीत कपड्याचं टोक खोचतात. कपडा वाऱ्याने पडत नाही, चिमट्याचा डाग नाही, आणि कपडे एकमेकांवर सरकतही नाहीत. घरात तशीच नायलॉनची दुहेरी दोरी बांधून बघा, रुमाल, बनियन, लहान मुलांचे कपडे यांना फार सोयीची.

५. हवा हलती ठेवा

छताचा पंखा हवा खाली ढकलतो, पण दाट टांगलेल्या कपड्यांच्या मध्ये तो पोचत नाही. म्हणून एक टेबल फॅन बाजूने, कपड्यांच्या रांगेच्या एका टोकाला ठेवा, म्हणजे हवा कपड्यांच्या मधल्या फटींतून आरपार जाते. तो समोरून लावला तर पहिलाच कपडा वाळतो आणि बाकीच्यांना आडोसा होतो. दर दोन-तीन तासांनी कपडे फिरवा, पुढचा मागे, उलटा सुलटा. फिरता मोड असेल तर तो लावा.

खर्चाची भीती बाळगू नका. साधा पंखा ७५ वॅटचा, आठ तास चालला तर ०.६ युनिट. नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तर ३० वॅटच्या आसपासचा, त्याचं पाव युनिट. दोन दिवस ओले कपडे घरभर ठेवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आता खिडकीचं. सगळ्या खिडक्या घट्ट बंद करून पंखा लावला तर तेच दमट वारं खोलीत गोल फिरतं, म्हणून ज्या बाजूने पाऊस आत येत नाही ती खिडकी चार-सहा इंच उघडी ठेवा आणि बाथरूम किंवा किचनचा एक्झॉस्ट सुरू ठेवा. बाहेरची हवा दमट असली तरी ओल्या कपड्यांच्या खोलीतली हवा तिच्याहून जास्त दमट असते, ती बाहेर जायलाच हवी. याला अपवाद एसी आणि डीह्युमिडिफायर. ते चालू असताना खिडक्या-दारं पूर्ण बंद करा, नाहीतर ते अख्ख्या डोंबिवलीची हवा कोरडी करत बसतील. एसी असेल तर ड्राय मोडवर लावा आणि सोबत पंखा. एसी तसाही लावणार असाल त्या रात्री स्टँड त्याच खोलीत सरकवायचा आणि मशीन संध्याकाळी लावायचं, सकाळी बहुतेक कपडे तयार. तेवढ्यापुरती झोपायच्या खोलीत नको ही अट सैल करायला हरकत नाही, कारण एसी पाणी बाहेर फेकतोय.

डीह्युमिडिफायर घ्यावा का असं बरेच जण विचारतात. छोटं बाळ असेल, घर तळमजल्यावर असेल किंवा भिंतींना ओल येत असेल तर घ्या, घरगुती मशीन २००-३०० वॅटची असते आणि डब्यात जमलेलं पाणी बघितलं की कळतं की एवढं सगळं आपल्या भिंतींत आणि गाद्यांत जात होतं. नाहीतर आधी दुसरा स्पिन आणि बाजूचा फॅन हे दोन करून बघा, बहुतेकांचं त्यात भागतं.

६. उघडीप आली की

श्रावणात तासाभराचं लख्ख ऊन पडतं. त्या वेळी घरात असाल तर अर्धवट वाळलेले कपडे हँगरसकट उचलून खिडकीच्या ग्रिलला लावा. म्हणूनच हँगर वापरायचे, एका हाताने पाच कपडे आत-बाहेर करता येतात. घराबाहेर पडताना मात्र सगळं आत घ्या, आकाश कितीही निळं असलं तरी. आणि निथळणारे कपडे ग्रिलला लावू नका, खालच्यांच्या वाळत आलेल्या कपड्यांवर पाणी पडतं आणि सोसायटीत नव्याने आलेल्याची पहिली ओळख भांडणाने होते.

७. हे करू नका

हे मनापासून सांगते, कारण यात जीव जातात.

कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका. पत्र्याच्या घरात, चाळीत, बैठ्या घरांत तार एका टोकाला पत्र्याला किंवा लोखंडी खांबाला बांधलेली असते, कुठेतरी वायर सोललेली असली की ओल्या तारेत करंट उतरतो आणि ओला कपडा टाकणाऱ्याला शॉक बसतो. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला (आधाराच्या तारेला) दोरी बांधू नका हे तर महावितरण दर पावसाळ्यात सांगतं. नायलॉनची दोरी वापरा, आणि तीही वीजमीटर, स्विचबोर्ड, वायरिंग यांच्यापासून लांब.

गॅसच्या शेगडीवर, हीटरवर, बल्बवर कपडे धरून वाळवू नका. छताच्या पंख्याच्या पात्यांवर मोजे टाकून ठेवतात तेही नको. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाची दुपटी वाळवायचे, गावच्या कौलारू घरात धूर वर निघून जायचा. फ्लॅटच्या बंद खोलीत कोळशाने कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. आजी सांगत असली तरी इथे ते करू नका, बाळाच्या दुपट्यांना टेबल फॅन आणि शेवटी इस्त्री पुरते.

८. वाळलं की नाही कसं ओळखायचं

दमट हवेत हात फसतो. कपडा हाताच्या मागच्या बाजूला किंवा गालाला लावा, गार लागला तर अजून पाणी आहे. कॉलर, बगलेची शिवण, कंबर, खिशाचं टोक इथे तपासा, मधलं कापड वाळलेलं असतं आणि या जागा ओल्या असतात. एवढंच राहिलं असेल तर गरम इस्त्री फिरवा, पण इस्त्रीनंतर लगेच घडी घालून कपाटात नाही, अर्धा तास पंख्याखाली, कारण इस्त्रीची वाफ कापडात असते. पूर्ण ओला कपडा इस्त्रीने वाळवायला जाऊ नका, इस्त्री १००० वॅटची आणि काम फॅनचं.

९. कुबट वास आलाच तर

हा वास बॅक्टेरियामुळे येतो. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये तो प्रामुख्याने मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूमुळे येतो असं दाखवलं, आणि हा जिवाणू कपडा वाळल्यावरही टिकून राहतो. म्हणून तुमचा शर्ट सकाळी ठीक वाटतो आणि लोकलमध्ये घाम आला की परत वास मारायला लागतो. फॅब्रिक कंडिशनर जास्त ओतून हे जात नाही, वास फक्त झाकला जातो, आणि कंडिशनरच्या थरामुळे टॉवेल पाणी शोषेनासे होतात. डिटर्जंट वाढवूनही नाही, उलट न निघालेला साबण कापडात राहतो आणि वास वाढतो.

करायचं असं: लेबलवर चालेल असं लिहिलेले सुती कपडे ६० डिग्रीच्या पाण्यात धुवा. मशीनला हीटर नसेल तर गीझरच्या गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेट, डाग काढायच्या पावडरीत असतं) पाकिटावरच्या प्रमाणात घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखे धुवा. रेशीम आणि लोकर यात नको. काही जण त्याऐवजी व्हिनेगर घालतात, घाला, पण क्लोरीनवाल्या ब्लीचसोबत कधीच नाही, विषारी वायू तयार होतो.

सगळ्याच कपड्यांना वास येत असेल तर दोष मशीनचा. फ्रंट लोडच्या दाराचं रबर ओढून आतून पुसा, तिथे काळा चिकट थर साठलेला असतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन सगळ्यात गरम प्रोग्रॅमवर चालवा, डिटर्जंटचा ड्रॉवर काढून धुवा, आणि धुणं झाल्यावर झाकण उघडंच ठेवा.

१०. कपाट

कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. कपडे ठासून भरू नका. रेशमी साड्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, आणि वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंब ठेवा, कसर लागत नाही. हे ओल मात्र ओढत नाही, त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या किंवा बाजारात मिळणारे पाणी शोषणारे डबे ठेवा आणि भरले की बदला. लहान बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ बाळांना बाधते. ओला रेनकोट आणि छत्री दाराबाहेर किंवा बाथरूममध्ये, वाळणाऱ्या कपड्यांशेजारी कधीच नाही.

ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की कडक ऊन पडतं, त्या आठवड्यात कपाट पूर्ण रिकामं करा, आतून कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर उघडं ठेवा, सगळे कपडे, गोधड्या, उश्या उन्हात टाका. रेशमी साड्या तेवढ्या सावलीत पसरा, कडक उन्हाने रंग उतरतो.